गोंदियाच्या बाजारातला पुरीचा प्रसाद

माझी ताई पुरीला देवदर्शनाला गेली नव्हती. मी गावाशी खोटं बोललो होतो.

आज ताईला जग सोडून वर्ष झालं. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडून राहिले आहेत. "धार्मिक वृत्तीच्या ताई." "एकटीने जगन्नाथपुरी केलेली पुण्यवान बाई."

बस करा आता.

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. ताई नर्स होती. चिचगडकडच्या गावांमध्ये लसीचा डबा स्कूटीला बांधून पंचवीस वर्षं फिरली. लग्न केलं नाही, मला शिकवलं. पोरांच्या आयांना तोंडावर सांगायची, "टोचलं का ताप येते, रडते, दोन दिवस तरास होते." गोड बोलून काम काढणं तिला जमायचंच नाही.

पन्नाशीकडे झुकल्यावर सेकंडहँड कार घेतली आणि चालवायला शिकली.

तीन वर्षांपूर्वी, धानाची कापणी सुरू असताना, ती रायपूरला नवीन चष्मा आणायला गेली. दुपारी मी फोन केला.

"ताई, निघाली का?"

"निघाली न."

"कुठपर्यंत आली?"

"येऊन नाही राहिली. जाऊन राहिली."

"कुठं?"

"समुद्र पाहाले."

मला वाटलं मस्करी करते आहे. "कोणासंग?"

"कोणासंग म्हणजे? गाडीसंग."

"पण काऊन वो?"

"त्याले काऊन कायले पाहिजे? नव्या चष्म्यातून हायवेची पाटी दुरून दिसली. ओडिशा लिवलं होतं. म्हटलं, पाहून येतो."

मी फोनवर ओरडलो. इकडे मजूर मिळत नाहीत, आणि हिला समुद्र सुचतो! तिने हसत फोन ठेवला.

पाच दिवस गेली होती. रोज व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायची. माझ्या फोनवर फोटो आपोआप डाउनलोड होत नाहीत, बोट ठेवावं लागतं. मी रागात होतो. एकावरही बोट ठेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोठी आई, म्हणजे आमची मोठी काकू, अंगणात येऊन बसली. "तीन दिस झाले बाप्पा. बाई माणूस, एकटी. कोणासंग गेली का काय?"

अठ्ठेचाळीस वर्षांच्या माझ्या बहिणीबद्दल हे विचारलं. मोठ्या आईला हाकलून द्यायला पाहिजे होतं. मी काय म्हणालो?

"नवस होता. पुरीले गेली दर्शनाले."

मोठ्या आईचे हात लगेच जोडले गेले. "अवो माय! मंग सांगाचं नाही का?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आता आमच्याकडे तीर्थाहून आलेलं माणूस सरळ घरात येत नाही. वेशीजवळच्या मारुतीशी थांबतं. बाया आरती घेऊन जातात, पाय धुतात, भजन म्हणत घरी आणतात. मग प्रसाद वाटतात.

मी ताईला फोन केला. "मारुतीजवळ थांबजो. कोणी काही विचारलं तर फक्त हो म्हण."

आणि गोंदियाला जाऊन साखरफुटाणे आणि लाल धागे घेऊन आलो. पुरीचा प्रसाद.

ताई मारुतीजवळ गाडीतून उतरली. चेहरा उन्हानं काळा पडला होता, पण इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. समोर टाळ, आरती, बाया. ती थबकली.

मोठ्या आईने परातीत तिचे पाय धुतले. पायांना चिकटलेली रेती पाण्यात उतरली. "पुरीची रेती हाये वो!" म्हणून बायांनी ते पाणी डोळ्यांना लावलं.

"दर्शन चांगलं झालं का, बाई?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"हो," ती म्हणाली.

घरी आल्यावर मात्र तिला राहवेना. "मंदिराकडं गेलीच नाही रे मी. गाडी लावाले जागा नव्हती, तशीच समोर निघाली. समुद्राच्या बाजूबाजूनं रस्ता हाये. इकडून सुरूची झाडं, तिकडून पाणी. आपला नवेगावबांधचा तलाव कसा, पल्याडचा काठ तरी दिसते. त्याले काठच नाही! दिवसभर त्याच रस्त्यानं आली-गेली. फोटो पाह्यले न तू?"

मी म्हणालो, "डिलीट कर ते. कोणी पाहिले तर गावात तोंड दाखवता येणार नाही."

तिने माझ्यासमोर एक-एक करून डिलीट केले.

मग म्हणाली, "पंचवीस वर्षं मी कोणाले खोटं नाही सांगितलं. तू माह्या तोंडून वदवलं."

त्यानंतर समुद्राचं नावही तिने काढलं नाही. गाडी देवरीच्या पुढे नेली नाही.

मग कॅन्सर निघाला. चारच महिने. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मी म्हणालो, "ताई, समुद्राचं सांग न."

"आता कायले?" म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेरवीच्या पत्रिकेवर जगन्नाथाचा फोटो छापला. मीच छापायला दिला होता. इतका मी भित्रा.

आज सकाळी तिचं चॅट उघडलं. वर वर गेलो. ते अकरा फोटो तिथेच आहेत, धुरकट. निळं काहीतरी दिसतं. एकात नारंगी दिसतं, ती तिची ओढणी असेल.

बोट ठेवलं.

"ही फाइल आता उपलब्ध नाही. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा."

अकराही फोटोंवर बोट ठेवून पाहिलं. सगळीकडे तेच.

मोठी आई, तू वाचत नाहीस, पण तुझी सून वाचून दाखवेल. ते फुटाणे गोंदियाचे होते. ताई देवळात गेली नव्हती. समुद्र पाहायला गेली होती. एकटी, स्वतः गाडी चालवत, कोणालाही न विचारता. तिला आवडलं होतं.

ग्रुपवरचं ते "पुण्यवान" काढून टाका.

ताई, खरं सांगितलं बघ सगळ्यांना. तुला ऐकायला मिळालं नाही, ही माझी चूक.

येतो म्हणून गेली होतीस, तेव्हा आलीस. आता जाय. मी फोन करणार नाही.