लिनीच्या आईचा आवाज

“तुमच्या घरात अक्षर आलं कधी गं? आजोबांच्या वेळी ना? मग लिपीतलं तू मला शिकवू नकोस.”

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या ऑफिसात, भर मीटिंगमध्ये, मराठीत बोलला तो. बाकीच्यांना कळू नये म्हणून. मला नीट कळावं म्हणून.

तो आमचा मॅनेजर. पुण्याचा. मी नागपूरची, बौद्ध वस्तीतली. इथे आले तेव्हा स्टेशनवर तोच घ्यायला आला होता. “आपल्या माणसांनी एकमेकांना धरून राहायचं,” म्हणाला होता. मी त्याला दादा म्हणायला लागले.

आमची कंपनी फोनचे कीबोर्ड बनवते. माझ्याकडे बुहिद लिपी होती. फिलिपिन्समधल्या मिंदोरो बेटावर, डोंगरात राहणाऱ्या बुहिद लोकांची. सुरीने बांबूवर कोरायची लिपी. आपल्यासारखाच तिच्या अक्षरात ‘अ’ असतोच, इकार-उकाराची खूण वेगळी जोडायची. पण उकार काही अक्षरांत असा मिसळतो की अक्षराचं रूपच बदलतं.

हे मला लिनीने शिकवलं. लिनी बुहिद. इथल्या एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांचं सगळं करते. सहा महिने दर रविवारी माझ्या किचनमध्ये बसून अक्षरं काढून दाखवायची. बाजारात डोंगराखालच्या सपाटीवरचे लोक तिच्या आईला अडाणी म्हणून हाकलायचे, हे तिने सांगितलं तेव्हा मी मान खाली घातली. माझ्या आईचंही तेच होतं.

तिने आईच्या आवाजातले शब्द रेकॉर्ड करून दिले. अट एकच घातली. “गावाला विचारल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नकोस.”

मी शब्द दिला. फाइल दादाकडे दिली, अटही सांगितली. “अगं, अर्थात,” म्हणाला.

आणि त्या दिवशी क्लायंटसमोर त्याने तोच आवाज वाजवला. म्हणाला, भाषा मेल्यातच जमा होती, आम्ही वाचवली. लिनीचं नाव कुठेच नाही. उकार सगळीकडे एकाच साच्याचा, काम लवकर उरकावं म्हणून. मी म्हटलं, हे चूक आहे, आणि परवानगीही नाही. तेव्हा तो ते मराठीत बोलला.

माझा व्हिसा त्याच कंपनीचा. तरी उभी राहिले.

“आत्ता हे मला काय म्हणाले, ते मी इंग्रजीत सांगते,” म्हटलं. सांगितलं. शब्दाला शब्द. परवानगीचंही पुन्हा सांगितलं. क्लायंटने काम थांबवलं.

संध्याकाळी लिनीकडे गेले. सगळं सांगितलं. तिने मला आत घेतलं नाही.

“त्याला फाइल कुणी दिली?”

“मी.”

“का?”

आपला माणूस वाटला म्हणून. हे तिला सांगायचीही लाज वाटली. तिने दार लावून घेतलं.

पंधरा दिवसांत नोकरी गेली. दोन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा. मी कंपनीविरुद्ध तक्रार केली आहे. वकीलबाई म्हणतात, जातीचं वगळा, इथे सिद्ध करणं अवघड. वगळणार नाही. फाइल मी दिली, ती चूक माझी, हेही त्याच कागदावर लिहिलंय. तेही काढणार नाही. कंपनीच्या शेवटच्या मशीनवरून तो आवाज पुसला जाईपर्यंत मी हटणार नाही. तोवर लिनीकडे माफी मागायलाही जाणार नाही.