गॅरेजचं शटर आणि दोन जास्तीचे फेरे

आमच्या अमरावतीच्या संत्र्यांच्या दुकानाला शटर होतं ते मोटारीच्या गॅरेजचं. अकोल्यात कुणाचं तरी गॅरेज बुडालं, तेव्हा सासऱ्यांनी ते उचलून आणलं. अख्खी लॉरी आत जाईल एवढं रुंद. आमच्याकडे आत जायला होत्या फक्त टोपल्या.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. आमच्या माळ्यांच्या बायका बाजारात जमिनीवर टोपली घेऊन बसत, गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. त्याला कुणाची हरकत नव्हती. पण छपराखाली, गादीवर? राम राम! तिथं बाप्येच. आणि मला तर नेमकी ती गादीच हवी होती. मी मोर्शीची, चौथी पास. जगातलं सगळं ज्ञान माझ्याकडे होतं, फक्त जगाला ते कळायचं बाकी होतं.

सासरे आणि आमचे हे आठवड्यातले तीन दिवस मोर्शीकडच्या बागांत माल घ्यायला जात. तेवढे दिवस दुकान बंद आणि आत संत्री मऊ. एकदा धीर करून म्हटलं, "मामाजी, तेवढे दिवस मी बसू काय गादीवर?"

सासरे अंगानं काडी, पण बोलणं पैलवानाचं. "बस ना! ज्याच्यानं शटर उघडंल, तो गादीवर बसंल. आपला कायदा हाय."

कायदा बेरकी होता. ते शटर उघडायला बाप-लेक दोघं लागत, तेही कण्हत.

मग मी अक्कल चालवली. आधी शटरच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत एरंडीचं तेल ओतलं. शटर होतं तिथंच राहिलं. सासऱ्यांची पांढरी टोपी तेवढी चिकट झाली. मग ऐकलं की वरच्या लोखंडी नळ्यात स्प्रिंग असते. माझा हिशेब सरळ होता : शटर वर गुंडाळलं की स्प्रिंग आवळते, खाली आलं की बिचारी झोपते. म्हणून शटर बंद असताना मी स्टुलावर चढून नळ्याच्या टोकाशी सांडशीनं खुडबुड केली. वाचले ते पूर्वजांच्या पुण्याईनं.

चार दिवसांनी भर दुपारी दुकानातून फाड्‌कन आवाज आला. पोलिसांनी गोळी झाडली म्हणून अर्धा बाजार पळाला. स्प्रिंग तुटली होती.

अकोल्याहून ते शटर बसवणारा मिस्त्री आला. चार माणसांकडून त्यानं शटर पुरतं वर घेववलं आणि खाली दोन बल्ल्यांचा टेकू दिला. चहा देताना मी त्याला सांडशीची हकिकत ऐटीत सांगितली. त्याचा चेहरा उतरला.

"बाई, उलटं समजून राहिल्या तुमी. शटर खाली येते तशी स्प्रिंग आवळत जाते. बंद शटरातच ते खरी जागी असते! वर नेताना तेच जोर लावते, मानूस निस्ता हात लावते. बंद असताना खोलली असती त हात गेला असता."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. म्हणजे हा कायदा ताकदीचा नव्हताच, स्प्रिंगेचा होता!

मिस्त्रीनं उरलासुरला पीळ सोडवला, तुकडे काढले, नवी स्प्रिंग घातली आणि नळ्याला फेरे देऊ लागला. सहा झाले तसा थांबला. मी त्याच्या ताटात भरताचा दुसरा गोळा वाढला. "आणखी दोन द्या भाऊ. माझे हात बारीक हायेत."

"बाई, जास्त होतीन."

"जास्त झालेले बरे."

भरीत झणझणीत होतं. त्यानं दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे, आमचे हे, निघायच्या आधी थांबलेला मिस्त्री आणि शेजारचे दोन दुकानदार, सगळे जमले. मी कुलूप काढलं, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि आधी शटराला लागायचा तेवढा जोर लावला.

शटर गेलं. बरोबर मीही गेले. पाय जमिनीवरून सुटले आणि पदराचं टोक शटरासंगं गुंडाळलं गेलं. बाजारानं माझ्या दोन्ही पोटऱ्या पाहिल्या.

"उघडलं ना, मामाजी?" मी वरून विचारलं.

"उघडलं बापा," सासरे म्हणाले. "आता बंद कर."

मला उतरवलं, पदर फाटून वरच राहिला. मी मुठीला लोंबकळले, शटर हाललं नाही. सासरे लोंबकळले. आमचे हे बापाच्या कमरेला धरून लोंबकळले. शेजारी म्हणाला, "संत्र्याचा घड लागला जसा!"

इतक्यात मागच्या घरातून सासूबाई आल्या. माझ्याशी त्यांचा अबोला चालू होता. कारण आठवत नाही, पण चूक त्यांचीच असणार. त्या चांगल्या भरल्या अंगाच्या. त्यांनी सगळ्यांना बाजूला सारलं, मूठ धरली आणि सरळ खाली बसल्या. शटर निमूट जमिनीला टेकलं.

मिस्त्री पुढं झाला. "थांबा, दोन फेरे काढून देतो."

"हात लावू नको!" सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "काहो, उघडनारा गादीवर बसते ना? मंग बंद करनाऱ्यानं काय उनात बसावं?"

सासऱ्यांनी कायद्याला तिथंच दुसरं कलम जोडलं : बंद करनारीबी गादीवर.

त्या दिवसापासून मी उघडायची, त्या बंद करायच्या, मधल्या वेळात आम्ही दोघी गादीवर बसून भांडायचो. माल मऊ पडायचा थांबला. गादी माझी अर्धी, असं ठरलं होतं. पण सासूबाईंची बैठक ऐसपैस; माझ्या वाट्याला आली ती चतकोरच.