चहा हलता कामा नये

आमच्या मेस्त्रींइतका पाण्याला भिणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि हे गृहस्थ जन्मले कुठे, तर मुरुडला, समुद्राच्या अगदी काठावर. वडील मचव्यावर, आजोबा मचव्यावर, आणि हे मात्र सव्वीस वर्षांपूर्वी सुतारकीची हत्यारं घेऊन थेट सौदीच्या वाळूत येऊन बसलेले. पाण्यासारखी लबाड चीज अल्लानं दुसरी घडवलेली नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आमच्या कंपाउंडमध्ये कुणाचा नळ ठिबकला की मेस्त्री यायचे, नळ पाच मिनिटांत दुरुस्त करायचे आणि पुढचा तासभर आजूबाजूचं लाकूड नखानं टोकरत बसायचे. शेजारच्या मल्याळी सिस्टरनं एकदा त्यांना मुलाच्या वाढदिवसाला बोलावलं, तर केक कापला जात होता तेव्हा पाहुण्यांपैकी एकजण सिंकखालच्या कपाटात कमरेपर्यंत शिरलेला होता. तो कोण, हे सांगायला नकोच.

मी तेव्हा रास तनुऱ्याजवळच्या एका दवाखान्यात डॉक्टर होते. राहायला मिळालेलं घर जुनं, लाकडी, जमिनीपासून दोन हात उंच खांबांवर उभं केलेलं. त्यातल्या मोठ्या बाथरूमची जमीन कुजली म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी ती काढून नवं प्लायवूड ठोकलं. आता त्यावर लाद्या बसवल्या की झालं, एवढंच काम उरलं होतं. आणि नेमका आईला व्हिजिट व्हिसा मिळाला. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. दुसऱ्या बाथरूममध्ये टब होता, आणि त्याचा तो उंच कठडा ओलांडणं तिला जन्मात जमलं नसतं. म्हणजे हे बाथरूम झालं नाही तर माझ्या आईची आंघोळ नाही, इतका साधा हिशेब. तिचं विमान यायला बावीस दिवस होते. चार दिवसांत होईल ना, असं मी मेस्त्रींना विचारलं.

"लादी एका दिसात बसते, डॉक्टरबाई," ते म्हणाले. "लादीखालचं बगूया."

या 'बगूया'ची धास्ती मी तेव्हाच घ्यायला हवी होती. पहिल्या दिवशी त्यांनी आधीच्या लोकांनी ठोकलेले सगळे खिळे उपटले, कारण खिळा पुढेमागे सैल होतो आणि जमीन कुरकुरायला लागते. मग वीतवीतभर अंतरावर स्क्रू. दोन फळ्यांमध्ये नाण्याच्या जाडीएवढी फट, कारण लाकूड फुगतं. त्यासाठी खिशात हलालाचं एक झिजलेलं सौदी नाणं, ते प्रत्येक फटीतून शेवटपर्यंत फिरायलाच हवं. एका ठिकाणी अडलं तर अख्खी फळी काढून रंधली. वर दुसरा थर घातला, तोही असा की खालचा सांधा आणि वरचा सांधा एकमेकांची तोंडं बघणार नाहीत. माझा नवरा इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायचा; दुपारी तो घरी आल्याशिवाय मेस्त्री उंबरा ओलांडत नसत. आला की त्याला बाथरूमभर चालायला लावायचे आणि स्वतः पालथे पडून जमिनीला कान लावायचे. एकदा मी दवाखान्यातून दमून घरी आले, तर नवरा गोलगोल फिरतोय आणि मेस्त्री डोळे मिटून आडवे. मला वाटलं, हार्ट अटॅकच. मी पिशवी टाकून धावले, तर त्यांनी एक बोट वर करून मला गप्प केलं. "वाजतेय," ते म्हणाले.

नऊ दिवस उरले तेव्हा चहाची परीक्षा आली. काचेच्या छोट्या ग्लासात काठोकाठ बिनदुधाचा सुलेमानी चहा भरून तो जमिनीच्या मधोमध ठेवायचा, आणि दारापाशी कुणीतरी उडी मारायची. चहा हलला की जमीन नापास. मेस्त्री स्वतः पन्नास किलोंचे, माझा नवरा त्यांच्याहून चारच जास्त. दोघांनी उड्या मारून पाहिल्या, समाधान होईना. मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मेस्त्री अत्यंत अदबीनं म्हणाले की राग मानू नका, पण या घरात वजनदार असं तुम्हीच आहात. चौऱ्याहत्तर किलो, एम.डी. झालेली बाई, दवाखान्याचा कोट अंगावर, आणि मी बाथरूमच्या दारात उडी मारली. चहा सांडला. नवरा हसला नाही हे त्याचं नशीब. मेस्त्रींनी उरलेला चहा पिऊन टाकला आणि जमिनीखालच्या लाकडी दांड्यांमध्ये आडव्या पट्ट्या घालायला सगळे स्क्रू पुन्हा काढायला घेतले. माझ्या डोळ्यांदेखत.

त्या वर्षी सगळीकडे सौदीकरणाचा धसका होता. मेस्त्री ज्याच्याकडे नोकरीला होते त्या ठेकेदाराकडे सौदी माणसं कमी, म्हणून त्याची कंपनी सरकारच्या हिरव्या यादीतून पिवळ्या यादीत गेलेली, आणि जुन्या लोकांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, काही केल्या वाढून मिळत नव्हते. मेस्त्रींचा एक्झिट लागलाय, हे कंपाउंडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बायको वारलेली, मुलं पनवेलला, मुरुडच्या घरी परत जाऊन हे एकटेच राहणार. अलीकडे ते कंपनीचा निळा युनिफॉर्मही घालत नसत. घरचा सदरा, हत्यारं कापडी पिशवीत. मला वाटलं, जाणाऱ्या माणसाला कसला युनिफॉर्म आणि कसलं काय. आणि मग डोक्यात दुसरंच शिरलं. पाच दिवस उरले, एक लादी बसलेली नाही, आणि हे बाबा जमीन सपाट आहे का म्हणून पट्टीखाली कागदाची घडी सारून बघतायत. माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुम्हाला परत जायचं नाही ना, म्हणून माझं काम लांबवताय तुम्ही."

नवऱ्यानं मान खाली घातली. मेस्त्रींनी पट्टी हळूच पिशवीवर ठेवली.

"तसं समजा, बाय," ते म्हणाले. "पन तुमची आई न्हानीत पडली तर मी मुरुडाहून येऊ शकनार नाय."

दुसऱ्या दिवशी मी तणतणत मेंटेनन्सच्या ऑफिसात गेले. नवा सौदी सुपरवायझर भला माणूस होता. त्यानं कागद काढून दाखवले आणि उलट मलाच विचारलं की तुमच्याकडे अजून काम चाललंय? मेस्त्रींना त्यानं दोन गुरुवारांपूर्वीच मोकळं केलं होतं. युनिफॉर्म जमा, हत्यारांची पेटी जमा, खलास. तिकीट मात्र मेस्त्रींनी दोनदा पुढे ढकलून घेतलं होतं. कारण विचारलं तेव्हा म्हणाले होते, एका बाईंची आई यायची आहे.

मी गाडीत बसून रडले, खोटं कशाला सांगू. माझी मलाच लाज वाटत होती. घरी आले, कोटसुद्धा न काढता ग्लासात चहा ओतला, बाथरूमच्या मधोमध ठेवला आणि कुणी न सांगता दारात तीन उड्या मारल्या. चहा जागचा हलला नाही. मेस्त्री माफीबिफी काही ऐकून घेईनात. ग्लास उचलून चहा प्यायले आणि साखर कमी आहे म्हणाले.

मग जमिनीवर पाणी अडवायचा थर पसरला, तो वाळला, आणि लाद्या खरोखरच एका दिवसात बसल्या. सांधे भरायला मात्र मेस्त्रींना वेळ नव्हता, दुसऱ्या सकाळी त्यांचं विमान. मसाला किती घट्ट कालवायचा ते आम्हाला शिकवून गेले, घावनाचं पीठ नाय, भाकरीचं पीठ. आम्ही नवराबायकोनी गुडघ्यांवर बसून जमेल तसे भरले. कोपऱ्यातला एक सांधा अजून वाकडा आहे.

आई आली. आंघोळ करून बाहेर आली आणि पाणी फार कढत आहे, साबणाला वास नाही, टॉवेल खरखरीत आहे असं सगळं म्हणाली. जमिनीबद्दल चकार शब्द नाही. पुढच्या शुक्रवारी मी मुरुडला फोन लावून हे सांगितलं, तर मेस्त्री खूश झाले. मग मी विचारलं, तुमचं कसं चाललंय.

"बरा हाय," ते म्हणाले. "हितं समदा सिमेटाचा कोबा, बाय. कायच हलत नाय. आनि उडी मारनारा पन कोन नाय."

मी बाथरूममध्ये गेले, फोन लादीवर ठेवला, दारापाशी आले आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून उडी मारली. आई खोलीतून ओरडली, काय पडलं गं. मी फोन उचलून कानाला लावला. पलीकडून समुद्राचा आवाज येत होता.

"वाजली नाय," मेस्त्री म्हणाले.