बोंबलांच्या आडचा उजेड

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. गेल्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळच्या चहाला, आमच्याच ओट्यावर. करणाऱ्या दोघी होत्या, शेजारची काकी आणि माझी सख्खी आई. बाकीच्या बायका बशीत चहा ओतून ऐकत होत्या. त्यांनाही मी सोडत नाही.

भावाची बोट नुकतीच समुद्रात गेली होती. बोट बाहेर असली की आमच्याकडे ओट्यावरचा पिवळा बल्ब रात्रभर चालू ठेवतात. घरवाली वाट बघते आहे, असा त्याचा अर्थ. वहिनी तो न विसरता लावायची, मग आत पडून फोनवर कादंबरी वाचायची. तिच्या खिडकीसमोर बोंबील वाळत घालायच्या वलांड्या आहेत, म्हणजे बांबूचे उभे-आडवे सांगाडे. पावसाळ्यात त्या रिकाम्या असतात. त्यामुळे काकीच्या पडवीतून आमची खिडकी सरळ दिसते, आणि काकीला झोप कमी.

"तुझी सून रात्रीची निळी दिसते," काकी आईला म्हणाली. वहिनी तेव्हा काकीच्याच हातात कप देत होती. "बाहेर नवऱ्याचा पिवळा दिवा, आत कोनाचा निळा?"

बायका हसल्या.

"पुस्तक वाचते, काकी," वहिनी म्हणाली.

"पुस्तकातून उजेड येतो? आमी शाळेत नाय गेलो, पन पुस्तक पायलंय."

"फोनमधलं पुस्तक असतं."

"फोनमधे पुस्तकच असतं का गं?" काकी बाकीच्यांकडे बघून म्हणाली. "डोंगराकडच्या मनोरची पोर, तिला बोटवाल्याच्या घरची रीत काय समजायची."

आईने काही विचारलं नाही. हात पुढे केला. वहिनीने ट्रे खाली ठेवला, फोन दिला, ट्रे उचलला आणि उरलेल्यांना चहा वाढला. तो चहा मी विसरणार नाही.

मी कुंभवलीत कारखान्यांच्या कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहिते आणि बोईसरच्या नाक्यावर उभी राहून वाटते. दरडावलं की माणूस मागे सरतो, हे मला तिथे कळलं. घरात ते चाललं नाही. रात्री मी आईला म्हटलं, "ती परीक्षेचा अभ्यास करते, असं सांग सगळ्यांना." वहिनी भांडी घासत होती. तिने मागे वळून न बघता म्हटलं, "खोटं कशाला, ताई? कादंबरी वाचते मी. परीक्षा असली तरच वाचायचं का?"

आई म्हणाली, "तुझी पत्रकं बोईसरला वाट."

त्या रात्रीपासून अंधार पडला की फोन आईच्या उशाखाली. बोट रेंजमध्ये आली की भावाचा फोन यायचा, तोही वहिनीने आईसमोर बसून घ्यायचा. कादंबरी ऐन रंगात आली होती. एका बाईचं जहाज चुकतं आणि ती बंदरातच राहते, एवढं वहिनीने मला सांगितलं होतं. पुढचं तिलाच माहीत नव्हतं.

भाऊ परतला, मासळी उतरली, आईने सगळं सांगितलं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्याने आईकडून वहिनीचा फोन घेतला, सेटिंगमधला रात्रीचा पिवळा रंग लावला आणि त्याची पट्टी शेवटपर्यंत ओढली. फोनचा पडदा हळद लावल्यासारखा झाला. "निळ्यानं डोळं जातात, झोप उडते," म्हणाला. "आता वाच." मग स्वतः ओट्यावर बसून मध्यरात्रीपर्यंत रील्स बघत राहिला. त्याचं तोंड निळंभोर दिसत होतं. काकी समोरून गेली आणि त्याला म्हणाली, "दमला असशील रे."

निळ्या उजेडाने झोप उडते, असं डॉक्टर सांगतात. मान्य. पण मग ती भावाचीही उडते. त्याचा फोन कोणाच्या उशाखाली गेला नाही.

खिडकी आता बल्बसारखी पिवळी दिसू लागली. काकी समाधानाने म्हणाली, "सुधारली सून. म्हंजे आदी कायतरी होतंच." कोणी तिला गप्प केलं नाही. आईनेही नाही, फोन परत देऊन बसली होती तरी. वहिनी निर्दोष आहे असं कोणी म्हणालंच नाही. माफ केलं, एवढंच.

"पिवळ्यात अक्षरं बुडतात," वहिनी मला म्हणाली. "दोन पानांत डोळे मिटतात. मला ते नाय मिटवायचे."

पावसाळा सरला आणि बोंबील आले. वलांड्या खालपासून वरपर्यंत भरल्या, खिडकी त्यांच्या मागे गेली. त्याच रात्री वहिनीने पिवळा रंग काढून टाकला. पांढऱ्या-निळ्या उजेडात, बोंबलांच्या वासात, तिने ती कादंबरी संपवली आणि दुसरी धरली. अख्ख्या गावात तिच्या बाजूने उभे राहिले ते वाळते बोंबील. मी लाजून सांगत नाही, चिडून सांगते.

पण पावसाच्या आधी वलांड्या रिकाम्या होतील. खिडकी उघडी पडेल आणि काकी पडवीत बसलेली असेल. काकी प्रत्येक गावात असते, आणि तिच्याबरोबर चहा पिणारे तुम्ही असता. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात कोणत्या बाईचा फोन रात्री दुसऱ्या कोणाच्या उशाखाली जातो, ते आज बघा. तो काढा आणि तिच्या हातात द्या. रंग न बदलता द्या. आणि ज्या ओट्यावर तुम्ही हसलात, त्याच ओट्यावर, तेवढ्याच बायकांसमोर म्हणा की तिचं काही चुकलं नव्हतं.