पुढच्या पायातला पडदा

आमच्या फार्मवर शोभेच्या माशांबरोबर पाळायचे बेडूकही वाढतात. दोन जातींचे, बुटके आणि नखवाले. पिल्लं असताना दोन्ही वाटाण्याएवढी, करडी, ठिपकेवाली. सख्ख्या आईलाही ओळखू येणार नाहीत. पुढे बुटका अंगठ्याएवढाच राहतो. नखवाला मुठीएवढा होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. नक्की खूण एकच. बुटक्याच्या पुढच्या बोटांमध्ये पडदा असतो, नखवाल्याची बोटं सुटी असतात. हा एवढासा पडदा बघण्यात मिस व्हर्ना टिलिसची एकतीस वर्षं गेली. इकडे मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, आदरानं मिसच म्हणतात.

जाळ्यांना चिकटून अंडी एका हौदातून दुसऱ्यात जातात आणि जाती मिसळतात, म्हणून निवड करावीच लागते. पिल्लू पेल्यात घ्यायचं, उजेडाकडे धरायचं, खालून बघायचं. बुटका डावीकडच्या टबात, नखवाला उजवीकडच्या. फ्लोरिडाच्या उन्हात, पत्र्याखाली, आठ तास. नवरा गेला, गुडघे गेले, तरी ती उकडलेल्या शेंगांचा डबा घेऊन सातच्या ठोक्याला हजर असायची. शेजारच्या टेबलावर मी तिच्या डाव्या टबातला माल पिशव्यांत भरायचो. बारा वर्षं.

एप्रिलमध्ये अटलांटाच्या एका दुकानदाराचा फोन आला. मागच्या महिन्यात बुटके म्हणून नेलेल्यांत सहा नखवाले निघाले होते, आणि त्यांनी गिऱ्हाइकांचे मासे फस्त केले होते. मालक कॉय हॅडली तणतणत शेडमध्ये आला तो सरळ नुबियासमोर. नुबिया होंडुरासची, तीन पोरांची आई, निवडीला लागून पाच महिने झालेले.

"नुबिया, उद्यापासून येऊ नकोस."

नुबियानं ओले हात ॲप्रनला पुसले.

"त्या पिशव्यांतला माल मी निवडलेला होता," मिस व्हर्ना म्हणाली.

"तुम्ही मध्ये पडू नका, मिस व्हर्ना. तुमची चूक? सूर्य पश्चिमेला उगवला की काय!"

"अरे शहाण्या, मीच सांगतेय ना?"

"तुम्हाला तिची दया येते, कळतंय मला."

तिनं मोठा उसासा टाकला. खरं सांगावं तर तेही कुणी ऐकेना. "तुझे लंगोट बदललेत मी, कॉय. मला दयाबिया शिकवू नकोस. जा, पाच पेले भरून आण. कशात कुठलं पिल्लू ते तूच बघून भर."

त्यानं आणले. तिनं एकेक पेला उजेडाकडे धरला, जवळ नेला, लांब धरला. घाई अजिबात केली नाही. पाचातले तीन चुकले.

"परत बघा," कॉय हळूच म्हणाला.

"परत बघून डोळे नवे येणारेत का? तिच्याकडे दे."

नुबियाचे पाचही बरोबर आले. कॉयनं टोपी काढली, परत घातली. "नुबिया, कामाला लाग," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मिस व्हर्नानं खुर्चीवरची उशी काखेत मारली, शेंगांचा डबा घेतला.

आता माझं सांगतो. तिला बारीक दिसत नाही हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. पिशव्या भरताना तिच्या टबातले नखवाले मी गुपचूप उचलायचो आणि उजव्या टबात टाकायचो. मार्चमध्ये पाठ धरली म्हणून आठवडाभर मी घरी होतो. ते सहा त्याच आठवड्यातले. नुबियाची रोजी जात होती तेव्हा मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा होतो. लाज वाटली, आजही वाटते.

तिच्या गाडीपर्यंत मागोमाग गेलो. रस्ता दिसण्यापुरते डोळे होते म्हणून रोज ती स्वतःच गाडी आणायची, पण आज मीच चालवणार होतो. "मिस व्हर्ना, एक सांगायचंय," म्हटलं.

"काही सांगू नकोस." ती दमून सीटवर बसली, सुजलेले पाय आत घ्यायला तिला वेळ लागला. "डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. दोन वर्षं ऐकतेय मी. तू एकेक उचलायचास, आणि उजव्या टबात डुबुक वाजायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"रोज वाटायचं, आज वाजणार नाही."