कोऱ्या भिंती

सुटी संपून दुसरीच्या बाई वर्गात शिरल्या आणि दारातच थबकल्या. वर्षानुवर्षं हौसेनं जमवलेले तक्ते, चित्रं, रंगीत माळा, सगळं भिंतींवरून गायब. मागे दोन उंच टेबलं, कोपऱ्यात पडदा लावलेली शांत जागा, बाकांच्या पायांना ताणून बांधलेले रबरी पट्टे.

एडीएचडी असलेल्या, चित्त जागेवर ठरत नाही अशा मुलांसाठी हे बदल आहेत, असं मुख्याध्यापिकेनं समजावलं. बाईंना ते पटलं नाही. आज भिंती रिकाम्या केल्या, उद्या माझी खुर्चीही रिकामी करतील, असं त्या घरी बहिणीला म्हणाल्या. त्यात हे बदल सुचवणारी तज्ज्ञ रोज मागच्या बाकावर गप्प बसून राहायची. हिचा डोळा मुलांवर नाही, आपल्यावर आहे, हे बाईंनी मनाशी पक्कं केलं.

वर्गात एक मुलगी होती, सगळे तिला भिंगरी म्हणत. पहिलीचं निम्मं वर्ष तिनं शिक्षा म्हणून दाराबाहेर काढलं होतं. आता तिला खिडकीपासून दूर, पुढं बसवलं होतं. बसल्या बसल्या ती पायानं पट्टा हलवायची, कंटाळली की उंच टेबलाशी उभी राहून लिहायची. बाईंच्या मते हे नुसते लाड होते.

एके सकाळी तज्ज्ञबाई यायच्या आत बाईंनी पक्ष्यांचा जुना तक्ता फळ्याशेजारी टांगला. म्हटलं, एकदा या तज्ज्ञबाईचं पितळ उघडं पडू दे. वजाबाकी सुरू झाली. भिंगरीनं एक गणित मांडलं, मान वर केली, आणि पोपटापासून घुबडापर्यंत सगळ्यांशी तिच्या गप्पा रंगल्या. शेजारच्या दोघीही सामील झाल्या. तास संपला तरी वही पहिल्या गणितापुढं सरकली नाही.

बाईंनी तक्ता काढून कपाटामागं सारला. पुढच्या तासाला भिंगरीनं उभ्याउभ्या सगळी गणितं सोडवली, हातच्याचीसुद्धा.

शाळा सुटल्यावर बाईंनी तज्ज्ञबाईंना गाठलं. "खरं सांगा, माझ्या जागी कोणाला आणताय?"

ती गोंधळली. "तुमच्या जागी? तुम्ही गोष्ट सांगून गणित घालता तेव्हा ती पोरगी हलायची थांबते. ते कसं जमतं, हे बघायला बसते मी."

गोड बोलून गळा कापणारी माणसं बाईंनी पाहिली होती. पण दुसऱ्या दिवशी त्या मुख्याध्यापिकेकडं गेल्या आणि आणखी एक उंच टेबल मागून आल्या, पोरांना दोन पुरत नव्हती. येताना कार्यालयात कुणा नव्या शिक्षिकेची चौकशी चाललीय का, याचाही कानोसा घेतला.