काठी कुणाच्या हातात होती

मुक्तिसंग्राम दिनाला आमच्या गावात स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांचा सत्कार होतो. मागच्या वर्षी मंडळाच्या उत्साही पोरांनी माझ्या वडिलांचंही नाव घातलं. "बाजारातल्या सत्याग्रहात तुमचे वडील होते ना?" त्यांनी वडिलांना विचारलं. होते की आजोबा. निजामाचे पोलीस शिपाई म्हणून होते.

इंग्रजांच्या जिवावर निजाम निवांत होता, तेव्हाची गोष्ट. सभेला बंदी होती, म्हणून गावातली काही माणसं आठवडी बाजारात नुसती टकळीवर सूत कातत बसली. तालुक्याहून आलेल्या शिपायांनी त्यांना झोडपलं. त्या शिपायांत, गावानं ओळखू नये म्हणून तोंडाला फडकं बांधलेले आजोबाही होते. मार खाणाऱ्यांनी हात उचलला नाही. चळवळीशी तोवर काही देणंघेणं नसलेले मिरचीवाले आणि कासार पुढच्या बाजारी दुकान न मांडता त्याच जागी येऊन बसले. एवढी भाषणं करून पुढाऱ्यांना जे जमलं नव्हतं, ते आजोबांच्या काठीनं एका दुपारी करून दाखवलं. आजोबांनी नोकरी मात्र सोडली नाही. आपल्याला कुणी ओळखलं नाही, याच समाधानात ते गेले. हे माहीत फक्त वडिलांना आणि मला.

"तब्येतीचं निमित्त सांगा आणि घरी बसा," मी वडिलांना म्हटलं. गावात उरलेले दिवस त्यांनाच काढायचे होते. ते ऐकतात कसले! शाल अंगावर पडायच्या आत त्यांनी माइक घेतला.

"माझा बाप तिथं होता. पण काठी त्याच्या हातात होती. ही शाल मला न्हाई चालायची."

सूत्रसंचालकानं घाईघाईनं टाळ्या वाजवायला सांगितलं. मला त्याचा भयंकर राग आला.

बाजारातल्या त्या मारात ज्याचा हात मोडला होता, त्याची म्हातारी मुलगी पुढेच खुर्चीवर बसली होती. वडील खाली उतरले तसं तिनं त्यांना थांबवलं.

"आमाला ठावं हाय भाऊ. बापानं फडक्यातूनच वळखलं हुतं."

"मग अक्का, इतक्या वर्सांत कुणी बोललं कसं न्हाई?"

"बापानं बजावलं हुतं. त्याची लेकरं याच गावात ऱ्हायची हायती, कुणी तोंडातून शब्द काढायचा न्हाई."

वडील तिथंच तिच्या खुर्चीपाशी खाली बसले. त्यांना उठवायला मी गेले, आणि त्यांच्याशेजारीच खाली बसले.